कट्ट्यामागं एक किलो कापतात. बारदाना नेमका किती धरायचा?

पऱ्हाटीवाला | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१४

राम राम मंडळी. मी हिंगणघाट तालुक्यातला. प्रश्न सोयाबीनचा आहे, पण उत्तर कापसालाही लागेल.

परवा घरूनच सोयाबीन दिलं. खेडा खरेदीवाला गाडी घेऊन आला, काटाही त्याचाच. ३८ कट्टे झाले. कट्टा काट्यावर टाकला की तो आकडा वाचायचा, एक किलो उणा करायचा आणि वहीत लिहायचा. ६१ चे ६०, ५८ चे ५७. विचारलं, हा एक किलो कशाचा? म्हणे, बारदान्याचा, म्हणजे रिकाम्या कट्ट्याच्या वजनाचा. कट्टा खताच्या थैलीसारखा पांढरा प्लास्टिकचा, हातात घेतला तर लागतसुद्धा नाही. एक किलो कुठून भरेल? वरचे ग्रॅम तर त्यानं धरलेच नाहीत. ६१.७४ दिसलं तरी तोंडानं ६१ च.

बाबा म्हणाले, जाऊ दे, साऱ्यायचंच कापते. मी रागारागात जाऊन १०० किलोचा डिजिटल काटा घेऊन आलो. आता पंचाईत अशी की रिकामा कट्टा ठेवला तर कधी ०.१० दाखवतो, कधी ०.१२. बटणं दोन आहेत, 'झिरो' आणि 'टेअर'. दोन्ही दाबली तरी शून्यच येतं. मग फरक काय? आणि भरलेल्या कट्ट्यातून रिकाम्याचं वजन वजा करायची बरोबर पद्धत कोणती?

ठेचाभाकर | ९ नोव्हेंबर, रात्री ९:३१

काटा घेतला म्हन्ते! आता पाय, साऱ्या गावाचे गहू, कोंबड्या अन् लेकरं तुह्याच ओसरीवर येतेत मोजाले.

काटादुरुस्ती | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

वीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय, परवाना आहे. तुझ्या अर्ध्या प्रश्नांचं उत्तर काट्याला चिकटवलेल्या पट्टीवरच आहे, पण ती कोणी वाचत नाही. तिथं मॅक्स १०० किलो, मिन २०० ग्रॅम, ई (म्हणजे काट्याचा एक टप्पा) १० ग्रॅम असं काहीतरी असेल. दुकानात, बाजारात जे काटे असतात त्यांचा मिन हा ई च्या वीसपट असतो. मिनच्या खालचं वजन त्या काट्यावर भरवशाचं नाही. तुझा कट्टा त्याच्या जवळपास निम्मा, म्हणून आकडा नाचतो. एकेक कट्टा मोजू नको. वीस रिकामे कट्टे घडी करून एकावर एक ठेव, येईल त्याला वीसनं भाग.

आता बटणं. प्लेट रिकामी असताना धूळ बसून, वारा लागून ०.०२ वगैरे दिसत असेल तर ते पुसायला झिरो. भांडं ठेवून झिरो दाबायचं नाही. जड भांडं असेल तर बरेच काटे ऐकतच नाहीत, हलकं असेल तर शून्याची जागाच सरकवून बसतात. भांड्यासाठी टेअर. भांडं ठेव, आकडा थांबू दे, मग टेअर दाब, मग माल भर.

आणि एक गोष्ट गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. टेअर केल्यावर भांडं मालासकट उचललं की डिस्प्लेवर उणे आकडा येतो. घमेलं १.८४ चं असेल तर उणे १.८४. काट्यानं किती वजा केलं याची ती कबुली समज. व्यापाऱ्याच्या काट्यावर पाहायचं ते हेच. पहिला कट्टा टाकायच्या आधी प्लेट रिकामी आणि आकडा उणे एक दिसत असेल, तर वहीत वजा करायच्या आधीच काट्यात वजा झालेलं आहे. मग तोंडानं पुन्हा एक कापला तर दोन गेले.

भरून आलेल्या हलक्या कट्ट्याला टेअरच्या भानगडीत पडू नको. जसं दिसतं तसं दशांशासकट लिही आणि शेवटी सगळ्या कट्ट्यांचा बारदाना एकदाच वजा कर. टोपलं, घमेलं, कॅरेट असेल तिथं टेअर कर. फक्त टेअर केलेलं वजन काट्याच्या ताकदीतूनच जातं हे लक्षात ठेव. चार किलोचं टोपलं असेल तर १०० च्या काट्यावर माल ९६ किलोच मोजता येतो.

जुना_मापारी | १० नोव्हेंबर, सकाळी ६:२०

म्या अकोला जिल्ह्यात मापारी म्हून उमर घालवली. तवा लोखंडी दांडीचा काटा, दोन पारडे. एकात भरेल पोतं, दुसऱ्यात वजनं. बारदाना वजा कराचं कामच नोतं. वजनायच्या पारड्यात तसंच एक रिकामं पोतं घडी करून टाकत जावो. पोत्याले पोतं कटलं. याले धडा करनं म्हंतेत. तेलाची बाटली अंदर ठेवून दुसऱ्या पारड्यात गोटे टाकत अन् दांडी सरळ झाली की मंग तेल वतत, थेबी धडाच. पासंग वेगळा बरं. पारडे रिकामे असूनबी दांडी कलत असन तं हलक्या बाजूले जे वजन बांधा लागते थो पासंग. मले दांडीवर शक आला की म्या माल अन् वजनं अदलाबदल करो. दोन्ही डाव सरळ राह्यली तं काटा खरा.

आता एक किलो कुठून आला थे आयक. तवा तागाचं क्विंटलाचं पोतं ये. जाड, वजनदार. रिकामं किलोच्या आसपास भरे. म्हून पोत्यामागं किलो कापत अन् थे बराबर होतं. मंग पोतं लहान झालं. सरकारी धान्याचं पन्नास किलोचं तागाचं नवं पोतं ५८० ग्रॅमचं रायते. मंग प्लास्टिक आलं. पोतं दोनदा बदललं, कापनं थेच रायलं. तुह्या व्यापाऱ्याले विचारलं तं थोबी सांगन, माह्या बापापासून चालू हाये. खोटं नाई सांगत थो.

अन् ग्रॅम सोडते म्हन्ला ना, थो दुसरा कडता, म्हंजे वजनातली कापनी. ३८ कट्ट्यायत सरासरी अर्धा किलो धर, १९ किलो झाले. पहिल्या कडत्यावर एवढा भडकला, हा तं तुह्या हिशोबातबी आला नाई.

अडतवाला | १० नोव्हेंबर, दुपारी १:४५

मीही खेडा खरेदी करतो, त्यामुळे शिव्या माझ्याकडे द्या. पण सारे चोर नाहीत. तो एक किलो फक्त थैलीचा नसतो. कट्ट्यात माती येते, काडीकचरा येतो, खडे येतात. आज १४ टक्के ओलाव्याचा माल घेतला की आठ दिवसांत वाळून घटतो. ती घट कोण भरून देणार?

जुना_मापारी | १० नोव्हेंबर, दुपारी २:१०

मंग त्याले बारदाना कायले म्हंता? मातीले माती म्हना, चाळनी लावा. ओलीले ओल म्हना, मशीन लावा. सोयाबीनले १२ टक्के ओलावा धरतेत हे तुमालेबी ठाव हाये. सीसीआयवाले, म्हंजे सरकारी कापूस महामंडळवाले, कापसाले ८ टक्क्यांपर्यंत पुरा भाव देतेत, अन् पुढं १२ टक्क्यांपर्यंत जसा ओलावा वाढन तसा भाव कमी करतेत. भाव कमी करतेत, काटा नाई. ज्याचा माल वाळेल हाये, निवडेल हाये, त्याचाबी किलो गेला अन् ज्यानं माती भरली त्याचाबी किलोच गेला. मंग निवडाव कोनं?

गुरुजी६२ | १० नोव्हेंबर, सायंकाळी ५:००

मापारीबुवा, शेवटचं वाक्य फळ्यावर लिहून ठेवावं असं.

अडतवाल्यांसाठी गणित. कट्टा ११० ग्रॅमचा धरला तर ६१ किलोच्या कट्ट्यात निव्वळ माल ६०.८९ किलो. पैसे मिळाले ६० चे. भाव ४३०० बोलला असेल तर प्रत्यक्षात क्विंटलला ४२३७ पडला. ६३ रुपये बारदान्याच्या नावाखाली गेले. आणि बाजार समितीत नियमाबाहेरची सूट कापायला १९६३ च्या कायद्यापासूनच मनाई आहे. प्रश्न आहे तो ओसरीवरच्या खरेदीचा, जिथं बघायला कोणी नसतं.

शब्दांचा नाद आहे म्हणून सांगतो. ढोबळ वजन, बारदान, निव्वळ वजन, हे तीन शब्द आम्ही चौथी-पाचवीत शिकवायचो, पोरं वैतागायची. बारदान फारसीतून आलं, बार म्हणजे ओझं. 'टेअर' हा शब्द युरोपातून फिरून आला तरी मूळचा अरबीच, अर्थ 'टाकून दिलेलं'. ज्यांच्याकडे शेपाचशे वर्षं गोण्या उंटांवर लादल्या गेल्या, त्यांनीच हा हिशेब जगाला शिकवला म्हणायचा.

घरच्या घरी पाहायचं असेल तर गॅसचं सिलिंडर बघा. वरच्या कड्याखालच्या पट्टीवर टी. डब्ल्यू. लिहून आकडा कोरलेला असतो, ते रिकाम्या टाकीचं वजन. प्रत्येक टाकीचं वेगळं. त्यात १४.२ मिळवा, भरलेल्या टाकीचं वजन तेवढं भरायला हवं. आणणाऱ्याला काटा मागा. माझ्याकडे चार वेळा मागितल्यावर पाचव्या वेळी त्यानं न मागता आणला.

अडतवाला | १० नोव्हेंबर, रात्री ८:३०

गुरुजींचं गणित मान्य. पण धंद्याचं गणित ऐका. मी उद्या कडता बंद केला आणि भाव ४२४० सांगितला, तर शेतकरी बाजूच्या ४३०० वाल्याला माल देतो. तो किलो कापतो हे त्याला माहीत असतं, तरी देतो. घरी सांगायला आकडा मोठा लागतो ना. भाव चौकात बोलला जातो, वजन ओसरीवर होतं. दोन वर्षं करून पाहिलंय मी, नुकसान माझंच झालं.

ठेचाभाकर | १० नोव्हेंबर, रात्री ८:४२

हे मातर खरं हाये. आमच्या चौकात कोनी निव्वळ वजन सांगितलेलं म्या आयकलं नाई. भाव इचारतेत फक्त.

स्टेअरिंग | १० नोव्हेंबर, रात्री ११:१५

कट्ट्याचं बोलून राहिले, गाडीचं कोणी बोलत नाही. जिनिंगला कापसाची गाडी भरून काट्यावर, खाली झाली की पुन्हा काट्यावर, मधला फरक तो माल. सोपं वाटतं. पण भरताना मी केबिनमध्ये आणि खाली मोजताना चहाला, तर माझे ७२ किलो कापूस झाले. उलटं झालं, म्हणजे रिकाम्या गाडीवर दोन हमाल उभे, तर शेतकऱ्याचा दीड क्विंटल गेला. ताडपत्री, स्टेपनी, जॅक, दोराचं भेंडोळं, जे पहिल्यांदा होतं ते दुसऱ्यांदाही पाहिजे. पावसात ट्रॉलीच्या चाकाला काळी माती किती बसते हे आपल्याला सांगायला नको. भरून येताना चाकावर असते, रिकामी होईपर्यंत अर्धी गळून पडते. डिझेलही पाहा, लिटरला आठशे ग्रॅमच्या वरच.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. गाडी नेहमीची असली की काटेवाला म्हणतो, रिकामी आणू नका, नंबर टाकला की मागचं टेअर येतं. नाही म्हणायचं. मागच्या वेळी ट्रॉलीला पत्र्याच्या फळ्या लावल्या नव्हत्या, आता आहेत. त्याच दिवशी, त्याच काट्यावर रिकामी मोजायची. रांग असली तरी.

संत्रा_वरुड | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

आमच्याकडं कॅरेटचा घोळ. दिसायला सारे सारखे, पण कंपनी वेगळी. माझ्याकडचे मोजले तर १ किलो ६०० पासून १ किलो ९०० पर्यंत निघाले. व्यापारी सरसकट २ धरतो. शंभर कॅरेटमागं दहा-चाळीस किलो संत्री गेली. मी आता एकाच कंपनीचे वेगळे लावतो. तळाला गवत टाकतो ते आधी टाकून मगच टेअर करतो, कारण ते ओलं असलं की तेही बोलतं.

पापडवाली | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

आमच्या बचत गटाचं लोणचं आहे. काचेच्या बरण्या एकाच खोक्यातल्या, तरी एकमेकींत दहा-पंधरा ग्रॅमचा फरक असतो. सुरुवातीला एका बरणीवर टेअर करून त्याच आकड्यावर सगळ्या भरल्या. एका दुकानदारानं चार बरण्या रिकाम्या करून मोजल्या आणि दोन कमी दाखवल्या. लाज वाटली. पाकिटावर लिहितो ते वजन वेष्टन सोडून असलं पाहिजे, २०११ चे नियम तेच सांगतात. तेव्हापासून दर बरणी झाकणासकट टेअर करते. वेळ जातो, जाऊ दे. मिठाईच्या दुकानातही खोकं आधी ठेवून शून्य करायला सांगा. पेढ्याच्या भावात पुठ्ठा घेऊ नका.

आता पऱ्हाटीवाले भाऊ, एक विचारू? तुमच्याकडं वेचणीला बाया येतात. किलोवर मजुरी असेल. संध्याकाळी त्यांचं गाठोडं मोजता तेव्हा फडक्याचं किती कापता?

ठेचाभाकर | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:२२

ताईनं गेम केला.

काटादुरुस्ती | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

ताईंच्या प्रश्नाला धरून कायद्याचं सांगतो, कारण हे फार लोकांना माहीत नाही. २००९ च्या वैध मापन कायद्यात व्यवहार म्हणजे फक्त खरेदी-विक्री नाही. झालेलं काम, देणं असलेली मजुरी वजनावर ठरवली तर तोही व्यवहार. म्हणजे वेचणीचा कापूस ज्या काट्यावर मोजतोस तो पडताळणी करून मुद्रांकित पाहिजे, दर वर्षी. घरचाच काटा आहे, चालतो असं नाही. बिल आणि पडताळणीचं प्रमाणपत्र घेतलंस ना काटा घेताना?

ठेचाभाकर | १३ नोव्हेंबर, रात्री ९:००

पऱ्हाटीवाला गेला कुठं? आहेस का बे?

पऱ्हाटीवाला | १४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

आहे. तीन दिवस मोजमापच करत होतो.

आधी कट्टे. वीस रिकामे मिळून २.२४ किलो, म्हणजे एक ११२ ग्रॅम. ३८ कट्ट्यांचे ४ किलो २५६ ग्रॅम. त्यानं कापले ३८ किलो. ३३ किलो ७४४ ग्रॅम जास्त, ४३०० नं १४५१ रुपये. ग्रॅम सोडले ते वेगळे. त्याला फोन केला. म्हणाला, झालेला सौदा उकरू नको, तूर निघाली की तुझ्या काट्यावर मोजू. पैसे दिले नाहीत. तुरीचं बघू.

आता ताईंचा प्रश्न. मी गाठोड्यामागं एक किलो कापत होतो. बाबा कापायचे, त्यांच्या आधी आजा. माझ्या डोक्यात कधी आलंच नाही की हा तोच किलो आहे.

नऊ बाया येतात. फडकी त्यांची स्वतःचीच, जुन्या लुगड्याची, साडीची, एक तर खताच्या पिशव्या उसवून शिवलेलं. बुधवारी संध्याकाळी गाठोडी सुटली की एकेक फडकं झटकून काट्यावर ठेवलं. सर्वांत हलकं ३४० ग्रॅम, सर्वांत जड ५२०, बाकी ४५० च्या आसपास. दिवसाची दोन गाठोडी धरली तर एका बाईचा एक किलो शंभर ग्रॅम कापूस मी रोज खात होतो. दहा रुपये किलोनं अकरा रुपये. नऊ जणींचे शंभर, रोजचे. वेचणी अजून निम्मीही झाली नाही.

एक फडकं सकाळी पुन्हा मोजलं, दवानं भिजलेलं. संध्याकाळी कोरडं ४२०, सकाळी ६१०. म्हणजे एकदा मोजून काम भागत नाही.

गुरुवारी त्यांना सांगितलं की आजपासून फडक्याचं जेवढं भरेल तेवढंच कापीन, मागचं धरून हिशेब करतो. मला वाटलं खूश होतील. जी सगळ्यात म्हातारी आहे ती हसायला लागली. म्हणे, "आमाले मालूम नोतं का रे बाबू? म्हून तं आमी सकायी दवातच वेचाले लागत होतो. ओला कापूस जड भरते. तुह्या किलोत आमचा किलो."

यावर काय बोलायचं ते सुचलं नाही. मागच्या वर्षी १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला म्हणून खरेदी केंद्रावरून माझी अर्धी गाडी परत आली होती. तेव्हा मी हवामानाला शिव्या दिल्या होत्या.

काटादुरुस्ती भाऊ, प्रमाणपत्र आहे, वर्षभराचं. बघितलं.

जुना_मापारी | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

बुढी पक्की मापारी हाये.

अडतवाला | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

मी काहीच बोलत नाही. फक्त एक विचारतो, आता त्या ऊन पडल्यावर वेचतात का?

पऱ्हाटीवाला | १५ नोव्हेंबर, दुपारी १:१५

काल नऊ वाजता लागल्या. एकीनं साडेसातलाच सुरू केलं, तिला बाकीच्यांनी हाक मारून बांधावर बसवलं.

पापडवाली | १५ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

भाऊ, सांगितलंत हे बरं केलं. रोज नऊ फडकी मोजत बसणार का?

पऱ्हाटीवाला | १५ नोव्हेंबर, रात्री ८:५०

नाही. कोरडं वजन एकदा घेऊन फडक्याच्या कोपऱ्यावर मार्करनं लिहिलं. ३४०, ४२०, ५२० असं. दव नसताना वेचत असतील तर तेवढंच धरायचं. शंका आली की तिथंच काढून मोजायचं, बाईच्या समोर.

संत्रा_वरुड | १५ नोव्हेंबर, रात्री ९:१०

मार्कर धुण्यात जातो. माझ्या कॅरेटवरचासुद्धा उन्हानं गेला.

पऱ्हाटीवाला | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३५

गेलाच. एकीचं पहिल्याच धुण्यात गेलं. मग म्हातारीनं कोपऱ्यावर लाल दोऱ्याचे टाके घातले. शंभराला एक लांब टाका, दहाला एक बारका. ४२० म्हणजे चार लांब, दोन बारके. आज सगळ्यांनी तसंच केलं. दोघींना आकडे वाचता येत नव्हते, त्या आता एकमेकींचे टाके मोजून पाहतात.